तुडुमावरचं उद्घाटन

आमच्या यायले, म्हंजे माह्या नवऱ्याले, 'नाई' म्हणता येत नाई, हाच आमच्या घरचा रोग. ते गावचे पाणकर हायेत. तलावाचं तुडूम, म्हंजे पाणी सोडाचं दार, उघडून कोणाच्या धानाच्या बांधीत कवा पाणी सोडाचं, हे तेच ठरवतेत. दुसऱ्या कोणी तुडुमाले हात लावाचा नाई, असा आज्याच्या काळापासूनचा नेम.

औंदा त्या जुन्या तुडुमाखाली वीज बनवाचं चक्र बसवलं. पाणी पडलं का चक्र फिरते, चक्र फिरलं का शाळेत दिवे लागतेत. सरपंच वासुदेवराव म्हणाले, "बुधवारी अकराले उद्घाटनाले साहेब येतेत. पाणी सोडशीन ना, सुखराम?"

हे म्हणाले, "हव जी."

मले कळलं बुधवारी सकाळी. अरे बाप्पा! साऱ्या गावाचा धान घरी गेला होता. आमचा भारी धान, उशिरा कापलेला. तुडुमाखालच्या पहिल्याच बांधीत त्याच्या पसरलेल्या कडपा वाळत पडल्या होत्या. कापलेला धान पाण्यात बुडाला का कोंब फुटतेत. मंग वर्षभर खाचं काय? गावभराच्या बांध्या ध्यानात ठेवणारा माणूस आपलीच बांधी भुलला!

मी सरळ तुडुमावर जाऊन बसली. मांडव सजला होता, साहेब हार घालून उभे होते.

"सुखराम, बायकोले उठव!" सरपंच ओरडले.

आता हे 'हव जी' म्हणतेत, असं वाटून मी तुडूम दोन्ही हातानं धरून ठेवलं. यायनं डोक्याचा दुपट्टा सोडला, पुन्हा बांधला.

"नाई जी. खाली कडपा असतानी पाणकर पाणी सोडत नाई. तुमच्या असत्या तरी सोडलं नसतं."

मंग चक्र बसवणारा पवनीचा इंजिनेर अश्वजित, धानवाल्याच्याच घरचा, पॅन्ट गुडघ्यावर करून बांधीत उतरला. "काकू, भारे बांधाले दोऱ्या कुठं हायेत?"

त्याच्यामागं सरपंच, बँडवाले, चपराशी, अन् शेवटी हारासगट साहेब. साहेबाले भारा बांधताच येईना. मी शिकवलं, दोनदा खेकसली बी. अडीच वाजेपर्यंत त्या बांधीतला पुरा धान खळ्यावर पोचला.

मंग यायनं तुडूम उघडलं. चक्र घरघरलं, शाळेतला दिवा लागला. भर उन्हात तो दिसते कोणाले? तरी साऱ्यायनं टाळ्या वाजवल्या. मी यायच्यासाठीच वाजवल्या.

साहेब घाम पुसत म्हणाले, "बाई, आणखी काही अडचण?"

"हाय ना जी," मी म्हटलं. "आमची रस्त्यापलीकडची बांधी अजून कापाची राह्यली. दुसरं उद्घाटन कवा ठेवता?"