काकूनं हेरलेली जागा

वॉटर पार्कात येऊन अजून तासही झाला नव्हता, तोच शैलूनं दोन्ही कानांवर हात दाबले आणि ती मधल्या रस्त्यातच खाली बसली.

लाटांच्या तलावापाशी डीजे दणाणत होता. मोठ्या पाळण्यातून माणसं किंचाळत होती. रविवार असल्यामुळं हुमनाबादकडून गाड्यांवर गाड्या येत होत्या.

"ऊठ की गं," शिवकन्या वाकून म्हणाली. "सगळी लेकरं कशी खेळायलीत बघ. तूच कामून अशी करायलीस?"

सहा वर्षांची शैलू उठेना. घरात मिक्सर लागला तरी ती अशीच न्हाणीत जाऊन दार लावून घ्यायची. मोठी झाली की ही सवय सुटेल, असं शिवकन्येला वाटायचं. शैलूनं मान वर केली आणि विचारलं, "काकू कुठाय?"

शिवकन्येच्या अंगाची आग झाली.

काकू म्हणजे नेत्रावती, तिची धाकटी जाऊ. नौबादच्या घरात तिला येऊन तीनच वर्षं झाली होती, पण तेवढ्यात पोरगी तिचीच होऊन बसली. वेणी काकूनं घालायची, भात काकूनं कालवायचा. आणि कामाला बघावं तर ही अशी! लग्न असो की बसवजयंती, घर पाहुण्यांनी भरलं की ही नेमकी तासभर नाहीशी व्हायची. भांड्यांचा ढीग शिवकन्येच्या वाट्याला यायचा आणि लेक मात्र तिच्या.

तेवढ्यात नेत्रावती पाण्याची बाटली घेऊन आलीच.

"अक्का, छोट्या रेल्वेच्या मागं लिंबाची झाडं हायत. तिथं आवाज येत न्हाई. झाडणाऱ्या बाईला आल्या आल्याच विचारून ठेवलं मी. नेऊ का हिला?"

"कामून? मी मेले का?" शिवकन्या म्हणाली. "माझ्या लेकीला कुठं बसवायचं ते मला कळतंय."

तिनं शैलूला दंडाला धरून उठवलं आणि उलट्या दिशेनं निघाली. पुढं सिमेंटची एक गुहा होती. आत अंधार, गारवा आणि फारशी माणसं नाहीत. एका दगडावर दोघी टेकल्या. हळूहळू शैलूचे हात कानांवरून खाली आले. तिनं आईच्या कुशीत डोकं टेकलं.

"बघ," शिवकन्या तिच्या कानाशी म्हणाली. "तुझ्या काकूला घावली का अशी जागा?"

तिचं बोलणं संपतंय न संपतंय तोच पाठीमागच्या भिंतीत दोन लाल डोळे पेटले आणि यंत्राचा राक्षस गरजला. शैलू किंचाळली. हाताला हिसका देऊन ती बाहेर पळाली. शिवकन्या धडपडत दाराशी आली तोवर गर्दीत लेकीचा हिरवा फ्रॉक कुठंच दिसेना.

"शैलू! ए शैलू!" डीजेपुढं तिचा आवाज तिलाच ऐकू येत नव्हता.

पंधरा-वीस मिनिटं शोधूनही ती सापडेना, तेव्हा एक पहारेकरी म्हणाला, "माईकवर नाव पुकारू का, अक्का?"

"नको!" शिवकन्या ओरडली. "आवाजानं ती आणखी लांब पळंल."

मग तिचं तिलाच उमगलं. पोरगी आवाज नाही तिकडंच जाणार. तिनं त्याला छोट्या रेल्वेचा रस्ता विचारला.

लिंबाखाली नेत्रावती बसली होती आणि तिच्या मांडीवर शैलू झोपली होती.

"तुमच्या मागंच व्हते मी," नेत्रावती हळूच म्हणाली. "गुहेच्या तोंडाशीच धरलं हिला, पण ही थांबेना, म्हणून तशीच उचलून हिकडं आणली. चारदा फोन लावला, अक्का. ऐकू आला नसंल."

जीव भांड्यात पडला, पण लेकीची मूठ नेत्रावतीच्या ओढणीत रुतलेली बघून शिवकन्येला पुन्हा जळायला झालं.

"तुला बरं हिचं सगळं कळतंय!"

"हिचं न्हाई, अक्का. माझं कळतंय. मला बी असंच व्हतंय. गोंगाटात डोकं फुटायला लागतंय, वाचाच जाते. घरात पाव्हणे आले की मी ज्वारीच्या खोलीत जाऊन बसते. सांगितलं असतं तर कामाला भिते म्हणाला असता तुम्ही. ही जागा मी माझ्यासाठीच हेरून ठेवली व्हती."

शिवकन्या काही बोलणार, एवढ्यात तिचा नवरा मृत्युंजय ओल्या अंगानं शोधत आला.

"झकास जागा घावली की! कुणी हेरली?"

"मी," शिवकन्या बोलून गेली.

नेत्रावतीनं वर पाहिलं नाही. ओढणी सोडवून घेत तिनं शैलूचं डोकं अलगद शिवकन्येच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "मी जरा तिकडं जाऊन येते."

ती डीजेच्या दिशेनं चालू लागली. वळणावर ती थांबली, ओढणी कानांवर आवळली आणि पुढं गेली. मांडीवर शैलूनं झोपेतच हातानं चाचपडून पाहिलं. "काकू?"

शिवकन्येला तोंड कुठं लपवावं कळेना.

"मी न्हाई हेरली," ती नवऱ्याला म्हणाली. "तिनंच हेरली. हिला धरा जरा."

लेकीला त्याच्या हातात देऊन ती पळत सुटली. हाका मारून उपयोग नव्हता. ऐन गर्दीत तिनं नेत्रावतीचं कोपर धरलं. नेत्रावतीचे ओठ पांढरे पडले होते.

"माघारी चल."

"निजू द्या की तिला तुमच्यापाशी."

"तिचं र्‍हाऊ दे. तुझं डोकं दुखायलंय न्हवं? चल."

दोघी लिंबाखाली परत आल्या तर शैलू जागी होती. बापाच्या मांडीवरून उतरून ती सरळ काकूकडं गेली आणि आडवी झाली. शिवकन्या क्षणभर उभीच राहिली. मग शेजारी बसून तिनं लेकीचे पाय आपल्या मांडीवर ओढून घेतले आणि तळव्यांची वाळू झाडू लागली. नेत्रावतीनं झाडाला डोकं टेकून डोळे मिटले होते.

"जावा तुम्ही, पाण्यात खेळा," शिवकन्या नवऱ्याला दबक्या आवाजात म्हणाली. "आमी हितंच बसतो. आन जाताना आवाज करू नका."