डोंगरवस्तीला मिळालेली मोठी गाडी

बातमी आली त्या सकाळी मी नेहमीसारखे सुरू व्हायला नखरे करत होते. मी शाळेची गाडी. पाच गावांत मिळून शाळा एक, त्यामुळे पाचही गावांची पोरं गोळा करत हिंडणं हा माझा धंदा. चालकमामा माझ्या इंजिनाला ठेवणीतल्या शिव्या देत होते. एवढ्यात मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, आल्या.

"मामा, सोमवारी जिल्ह्याचे साहेब येतायत. डोंगरवस्तीवर दहा पोरं भरली नाहीत तर तिकडची फेरी बंद."

"दहा? बाई, तिथे चार आहेत. त्यातलं एक कायम आजारी."

कारखान्यातून निघाले तेव्हा मला वाटलं होतं, प्रवासी घेऊन समुद्रकिनारी जाईन. नशिबी आल्या ओकाऱ्या, बाकांखाली चिकटवलेला च्युइंगगम आणि मागच्या काचेवर बोटाने काढलेली मास्तरांची चित्रं. चित्रं मात्र हुबेहूब असतात. पूर्वी मामांची बायको दाराजवळच्या बाकावर बसून पोरांना हात देऊन चढवायची. ती गेल्यापासून मामा ते बाक कुणाला देत नाहीत. विचारलं तर म्हणतात, स्प्रिंग मोडलीय. मोडलेली नाही. माझीच स्प्रिंग आहे, मला ठाऊक.

डोंगरवस्तीवर एक दूधवाली राहते. तिची मुलगी नववीत. गाडी बंद झाली तर पोरीने दोन तास डोंगर उतरायचा आणि दोन तास चढायचा. मग किटल्या कोण उचलणार? म्हणजे शाळा सुटलीच म्हणायची.

मामांनी तिला बातमी सांगितली. ती म्हणाली, "दहाच ना? तुम्ही गाडी आणा मामा. पोरं माझ्याकडे लागली."

सोमवारी वस्तीवर जत्रा लोटली होती. दूधवालीने माहेर, सासर आणि नणंदेचं सासर, सगळीकडची पोरं उपसून आणली होती. मागून आणलेले गणवेश कुणाच्या गुडघ्यावर, कुणाच्या घोट्याखाली.

साहेबांनी एकाला थांबवलं. "हा कितवीत?"

"सातवीत," दूधवाली म्हणाली.

"मिशा आहेत याला."

"आमच्यात लवकर येतात, साहेब."

"आणि हे कडेवरचं?"

"ते हुशार आहे."

पोरं माझ्यात अशी कोंबली की खिडक्यांतून कोपरं बाहेर आली. साहेब उतरले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. "बाई, एवढी मुलं या डबड्यात? हा अन्याय आहे. हे मोडीत काढा. मी मोठी गाडी देतो."

डबडं म्हणाले ते मी मनावर घेतलं नाही. पण वस्तीच्या वाटेवर एक अरुंद पूल आहे. त्यावरून मीसुद्धा दोन्ही आरसे मिटून जाते. मामांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी दूधवालीकडे. दूधवाली कडेवरच्या पोराचं नाक पुसत राहिली.

मोठी गाडी आली. गुळगुळीत, पिवळी, दार आपोआप उघडणारी. पुलापाशी थांबली आणि मागे फिरली. तिला दोष कसा द्यायचा? पोट आत घेणं सगळ्यांनाच जमत नाही.

दूधवाली बाईंकडे आली. "साहेबांना सांगा ना, जुनीच द्या म्हणावं."

"काय सांगू? आपल्याकडे चारच पोरं आहेत, बाकीची उसनी होती? मग तर फेरीच जाईल."

"फेरी आता आहे का?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मोडीत काढायची म्हणून माझी किल्ली आधीच जिल्ह्याला गेली होती. नाहीतर मला वस्तीवर न्यायला मामा कुणाला विचारणार होते?

हल्ली मी शाळेच्या मागे उभी असते. मधल्या सुट्टीत मास्तर माझ्यात लपून विडी ओढतात आणि मी गप्प बसते. भंगारवाल्याला एवढंच सांगा, फार घाई करू नकोस, मास्तरांना दडायला जागा लागते.

दूधवालीची मुलगी पहिले काही आठवडे चालत आली. आता ती पहाटे दूध घेऊन उतरते, बाईंच्या घरी रतीब घालते आणि शाळा भरायच्या आत रिकाम्या किटल्या घेऊन परत चढते. नववीची तिची परीक्षा द्यायची राहिली.