मागे राहिलेलं दुखणं

"दाजी, जीभ जड झालीये," म्हणत मासुओ देवदाराच्या बुंध्यावरून घसरत खाली बसला.

गांधीलमाश्यांनी त्याच्या मानेला डंख मारून पाच मिनिटंही झाली नव्हती. अंगभर गांधी उठल्या होत्या, श्वासाला शिट्टी लागली होती. तामोत्सुने मेहुण्याला आडवं केलं आणि कमरेची डबी उघडली. जपानमधल्या योशिनोच्या डोंगरात बत्तीस वर्षं झाडं तोडणाऱ्या तामोत्सुला मागे एकदा अशीच गांधीलमाशी बाधली होती. तेव्हापासून डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅड्रेनलिनची सुई तो जवळ बाळगी. एकच.

"ती तुमची आहे. तुम्हाला चावली तर?"

"गप पड. तुझ्या बहिणीला काय तोंड दाखवू?"

त्याने पँटवरूनच मांडीत सुई दाबली.

थोड्या वेळाने मासुओचे हात लटलट कापू लागले. "छातीत ढोल वाजतोय. मेलो बहुतेक."

"वाजतोय म्हणजे जिवंत आहेस. वाजू दे."

शिट्टी हळूहळू उतरली. पण औषधाचा जोर टिकणारा नव्हता, आणि फोन लागायचा तो फक्त खालच्या रस्त्यावर. मासुओचे पाय ओंडक्यावर ठेवून तामोत्सु उतारावरून धावत सुटला. ओढ्यापाशी दरडीवरून खाली आदळला, उठला, पळाला. फोन करून तोच चढ पुन्हा चढून आला. बचावपथक येईपर्यंत तो मेहुण्याशी बोलत राहिला.

इस्पितळात नर्सने त्याचा बूट कापून काढला.

"अहो ताई, नवा आहे!"

"या पायाने धावलात?" डॉक्टर म्हणाल्या. "टाचेच्या हाडाचे तुकडे झालेत."

"दुखलंच नाही हो."

"तुम्ही त्यांना टोचलंत ना, ते तुमचं शरीरही बनवतं. जिवावर बेतलं की रक्तात उतरतं. काळीज पळतं, पाय पळतात, दुखणं मागे राहतं."

"मग आता?"

"आता येईल."

आलं. पलंगाची दांडी धरून तामोत्सुने डोळे मिटले. पलीकडच्या खाटेवरून मासुओने हाक मारली, तेव्हा त्याने दांडीवरचा एक हात सोडून वर केला.

हाड जुळलं, पण टाच उताराला नकार देऊ लागली. थंडीत माश्या संपल्यावर मासुओ दुसऱ्या जोडीदाराबरोबर वर जाऊ लागला. तामोत्सु रस्त्यालगतच्या शेडमध्ये यांत्रिक करवतीच्या साखळ्यांना धार लावतो. वर मासुओची करवत थांबली की त्याचा हातही थांबतो. झाड पडल्याचा आवाज आला, की तो पुन्हा कानस उचलतो.