झटकायची राहिलेली सतरंजी

मी एक जुनी सतरंजी आहे. मित्रांनो, दर रविवारी मोठी माणसं हॉलमध्ये उपासनेला बसली की तुम्ही मागच्या खोलीत ज्या निळ्या-करड्या पट्ट्यांवर मांडी घालता आणि गोष्ट ऐकता ऐकता जिच्या दशा उसवता, तीच मी. आज तुमच्या गोष्ट सांगणाऱ्या ताई यायला उशीर करत आहेत, तोवर माझीच गोष्ट ऐका. एक मात्र आधीच सांगून ठेवते. माझा स्वभाव काही फार चांगला नाही. मी जळकुकडी आहे.

माझा जन्म कारागृहातल्या हातमागावर झाला. ज्या हातांनी मला विणलं त्यांचं नाव मला कुणी सांगितलं नाही. ते हात एका ठिकाणी चुकले, एवढं मात्र मला ठाऊक आहे. माझ्या एका कोपऱ्यात निळी पट्टी दोन बोटं जास्त रुंद आहे. विक्रीच्या प्रदर्शनात सगळी गिऱ्हाइकं ती चूक बघून मला बाजूला सारत. काटोलच्या रुपराव पास्टरांनी तीच चूक बघून मला उचललं. हिला ओळखायला सोपं जाईल, असं ते म्हणाले.

रुपराव पास्टरांची काटोलची मंडळी, म्हणजे त्यांच्या चर्चची माणसं, चाळीस होती आणि चाळीसच राहिली. पण ज्यांच्या मंडळ्या भराभर वाढत होत्या, त्या तरुण पाळकांना सांभाळण्याची हातोटी त्यांच्याजवळ होती. आपले पियुष पास्टर त्यांच्याच हाताखाली शिकले. पंधरा वर्षांपूर्वी पियुष पास्टरांनी इथे बेसा भागात भाड्याची एक खोली घेतली, तेव्हा रुपराव मला खांद्यावर टाकून एसटीने आले.

"खुर्च्या येतीन अन् जातीन," ते म्हणाले. "हे जपजो, पियुष."

मित्रांनो, ते दिवस माझे होते. पहिल्या रविवारी सात माणसं आली. त्यांत सिंधूताई होत्या, भाजीचा ठेला लावणाऱ्या. पास्टरांच्या पत्नी कामिनीताई मला पहाटे अंथरत, दुपारी झटकत, संध्याकाळी घडी घालत. माझ्यावर बसून माणसं गायली, रडली, प्रभुभोजन झालं, एका बाळाचं नाव ठेवलं. त्या बाळाने माझ्यावर काय केलं ते सांगत नाही, कारण ते बाळ आज तुमच्यातच बसलंय.

मग बेसा वाढलं. शेतांच्या जागी इमारती आल्या, इमारतींत माणसं आली आणि त्यांतली काही आपल्याकडे आली. खोली पुरेना. पियुष पास्टरांनी हा हॉल घेतला आणि एका शनिवारी टेम्पोतून त्या आल्या. लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, एकात एक रचलेल्या, नव्याचा वास येणाऱ्या. मला गुंडाळून पास्टरांच्या खोलीत कपाटाच्या बाजूला उभं केलं गेलं. त्यांनी माझं काय वाकडं केलं होतं? काहीच नाही. तरी मला त्या डोळ्यांसमोर नकोशा झाल्या. एकदा एका जाडजूड गृहस्थांच्या वजनाने एका खुर्चीचा पाय मोडला, तेव्हा मला इतका आनंद झाला की मला माझीच लाज वाटली. पण आनंद झाला हे खरं.

तेव्हा मी अजून तुमच्या खोलीत येत नव्हते; महिन्यातला एक दिवस मात्र माझा होता. पहिला मंगळवार. त्या दिवशी रुपराव पास्टर काटोलहून येत, पिशवीत संत्री घेऊन. पारशिवनीचे देवाजी पास्टर येत. आपले पियुष पास्टर मला हॉलच्या मधोमध अंथरत आणि सगळे माझ्यावर गोल बसत. हॉलमध्ये तीनशे खुर्च्या असत, पण त्या भिंतीला. मी त्यांच्याकडे बघून मनात म्हणायची, घ्या, बसा आता उभ्या.

रुपरावांनी या बैठकीचे नियम घालून दिले होते. पहिला नियम, इथे कुणी आकडा सांगायचा नाही. चार पाळक भेटले की पहिला प्रश्न असतो, तुमच्याकडे किती येतात. तो प्रश्नच बंद. दुसरा नियम, एकाने आपल्या मंडळीला सांगता येत नाही ते इथे सांगायचं. बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही, प्रत्येकाने एकच प्रश्न विचारायचा आणि मग प्रार्थना करायची. मंडळी वाढते तसा पाळक एकटा पडतो, असं रुपराव म्हणत. तीनशे माणसांच्या घरी तो एकटा जाऊ शकत नाही हे त्यांनीच पियुष पास्टरांना समजावलं, बारा घरगुती गट करायला लावले, आजाऱ्यांच्या भेटी वाटून द्यायला लावल्या.

आणि तिसरा नियम माझा होता. उठताना चौघांनी माझे चार कोपरे धरायचे, मला दारात न्यायचं आणि झटकायचं.

"इथं बसून जे बोललं ते इथंच झटकून जायचं," रुपरावांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. "बायकोले नाई सांगायचं, मंडळीले नाई सांगायचं. देवाले सांगतलं तर चालते."

तेव्हा ते तिघेच होते. चौथा कोपरा कामिनीताई येऊन धरत. मग तीन वर्षांपूर्वी हर्षित पास्टर आले.

हर्षित पास्टर वयाने लहान, आवाजाने गोड. त्यांनी दोन गल्ल्या सोडून मंडळी सुरू केली आणि वर्षभरात त्यांचा हॉल भरला. त्यांच्याकडच्या खुर्च्यांना गाद्या आहेत, असं मी ऐकलं. आणि एक दिवस आपल्या सिंधूताई तिकडे जायला लागल्या. सुनेचं घर त्या गल्लीत होतं आणि त्यांचे गुडघे दुखत होते, एवढंच कारण. पियुष पास्टर सगळ्यांना हसून सांगत की प्रभूचं काम कुठेही होवो, वाढतं आहे ना. पण खोलीत आले की खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहत. ती नजर माझ्या ओळखीची होती. मी खुर्च्यांकडे तशीच बघते.

हर्षित पास्टर बैठकीला आले त्या पहिल्याच मंगळवारी एक छोटीशी गोष्ट घडली होती. रुंद पट्टीचा तो कोपरा सुरुवातीपासून पियुष पास्टरांचा. रुपरावांनी सहज हात दाखवून हर्षित पास्टरांना तिथे बसवलं. पियुष पास्टर दुसरीकडे सरकले. माझ्यावर त्यांचं वजन त्या दिवशी वेगळंच पडलं.

गेल्या वर्षीच्या एका मंगळवारी हर्षित पास्टरांची सांगायची पाळी आली. ते माझी दशी बोटाला गुंडाळत बसले. मग खाली बघत बोलले.

"चार महिने झाले, मी एकट्यानं प्रार्थना नाई केली. माईकवर करतो, लोकायसाठी करतो. एकटा बसलो का शब्दच येत नाई. रविवारचा संदेश बी मी मोबाईलवर दुसऱ्याचा ऐकून सांगून राहिलो."

कुणी सल्ला दिला नाही. देवाजींनी विचारलं की हे घरी माहीत आहे का. रुपरावांनी विचारलं, "झोपतं किती तास, गा?" तीन, असं उत्तर आलं. पियुष पास्टरांनीही काहीतरी विचारलं, पण त्यांचं लक्ष प्रश्नात नव्हतं. मग सगळ्यांनी हर्षित पास्टरांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ते माझ्यावर पालथे पडून रडले. मला ओलं झालेलं आवडत नाही, तरी मी हूं की चूं केलं नाही.

आणि त्याच दिवशी चूक झाली. रुपरावांची एसटी चुकायला आली होती. देवाजी त्यांना मोटारसायकलवर सोडायला धावले, हर्षित पास्टर तोंड धुऊन तसेच निघून गेले. पियुष पास्टर एकटेच उरले. एकट्याने चार कोपरे कसे धरणार? त्यांनी मला तशीच गुंडाळली. संत्र्याची साल, बिया, सगळं आत. मला झटकलंच नाही.

शुक्रवारी ते खोलीत मोबाईल घेऊन बसले. मंडळीचा एक प्रार्थनेचा ग्रुप आहे, दोनशे ऐंशी माणसांचा. त्यांनी लिहिलं आणि कामिनीताईंना वाचून दाखवलं. "प्रिय जनहो, आपल्या बेसा भागातल्या एका तरुण सेवकासाठी कळकळीने प्रार्थना करा. त्यांचे प्रार्थनाजीवन कोरडे पडले आहे व ते इतरांचे संदेश सांगत आहेत. प्रभू त्यांना उभारी देवो. कृपया नाव विचारू नये."

कामिनीताईंच्या हातात चहाची कपबशी होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली.

"हे प्रार्थनेसाठी टाकून राहिले का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"मंग कायच्यासाठी वं?" असं म्हणून पास्टरांनी बटण दाबलं.

बेशात आपल्या ओळखीचे असे तरुण सेवक किती? एकच. मित्रांनो, मी खोटं सांगणार नाही. त्या क्षणी मलाही बरं वाटलं. गाद्यांच्या खुर्च्यांवाल्यांची जिरली, असं मनात आलं. मी आणि पियुष पास्टर, दोघं त्या खोलीत एकाच रोगाने आजारी होतो.

संध्याकाळपर्यंत तो निरोप हर्षित पास्टरांच्या मंडळीत पोचला. रविवारी त्यांच्या संदेशाच्या मधेच एक माणूस उठला आणि म्हणाला की हा कुणाचा आहे ते आधी सांगा. पुढच्या रविवारी त्यांनी हॉलला कुलूप लावलं. त्यांनी पाळकपण सोडायचं ठरवलं आहे, मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसणार आहेत, हे कामिनीताईंना भाजी घेताना सिंधूताईंनी सांगितलं. आणखी एक गोष्ट सिंधूताईंनी सांगितली. ज्या रात्री त्यांचे गुडघे फार दुखले होते, त्या रात्री हर्षित पास्टरच त्यांना दवाखान्यात घेऊन गेले होते आणि बाकावर सकाळपर्यंत बसून होते. त्यांची उरलेली झोप कुठे जात होती, ते तेव्हा कळलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मला अंथरलं, तेव्हा वाळलेली साल आणि बिया हॉलभर घरंगळल्या. रुपराव उभेच राहिले. खाली बघत राहिले.

"मागच्या खेपेले झटकली नाई काहून?" त्यांनी विचारलं.

एवढाच एक प्रश्न. नियमाप्रमाणे एकच. पियुष पास्टर रुंद पट्टीच्या रिकाम्या कोपऱ्याशेजारी बसले. मग बोलले. निरोप प्रार्थनेचा नव्हता, हे त्यांनी पहिल्यांदा तोंडाने कबूल केलं. रुपरावांनी त्यांना रागावलं नाही की धीर दिला नाही. संत्रं सोलून त्यांच्या हातात दिलं.

तेव्हाच पियुष पास्टरांनी मला स्कूटरवर पुढे आडवी टाकली आणि दोन गल्ल्या ओलांडल्या. हर्षित पास्टरांनी दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. पियुष पास्टरांनी मला ओसरीवरच अंथरलं आणि बसले. हर्षित पास्टर उभेच.

"तुझं चांगलं चाललेलं माझ्याच्यानं पाहवलं नाई," पियुष पास्टर म्हणाले. "ग्रुपवर माफीचा मेसेज टाकतो."

"मेसेज नोको, पास्टर. मेसेज डिलीट होते," हर्षित पास्टर म्हणाले. "लोकायसमोर सांगा." आणि दार लावून घेतलं.

त्या रविवारी मी दहा वर्षांनी पुन्हा उपासनेला गेले. पियुष पास्टरांनी मला मंचावर, माईकसमोर अंथरलं आणि माझ्यावर मांडी घालून बसले. समोर तीनशे माणसं लाल खुर्च्यांवर. माझ्या मनात खुर्च्यांना खिजवायचं होतं, पण ती वेळ नव्हती. पास्टर म्हणाले की मी तुम्हांला प्रार्थनेचा विषय म्हणून जे पाठवलं, ती प्रार्थना नव्हती, माझा हेवा होता. एका भावाने विश्वासाने सांगितलेलं मी चव्हाट्यावर मांडलं.  त्यानंतर अकरा कुटुंबं आपल्याकडे यायची थांबली. कुणी म्हणालं, असा पाळक नको. काही परत आली, काही आली नाहीत.

त्या महिन्यात हर्षित पास्टर आले नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. चौथा कोपरा कामिनीताईच धरत होत्या. तिसऱ्या महिन्याच्या मंगळवारी मी अंथरलेली होते, रुपराव काठी टेकत आत आले आणि त्यांच्या मागून हर्षित पास्टर. हातात त्यांच्या हॉलमधली गादीची खुर्ची. रुपरावांना आता खाली बसवत नाही, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी ती खुर्ची सरळ माझ्यावर ठेवली.

मित्रांनो, कल्पना करा. गादीची खुर्ची, आणि तिचे चार पाय माझ्या छाताडावर. पण तिच्यावर रुपराव बसले, म्हणून मी सोसलं.

पियुष पास्टर रुंद पट्टीच्या कोपऱ्यावर बसले होते. ते उठले आणि दुसरीकडे बसले. हर्षित पास्टर त्या कोपऱ्यावर येऊन बसले. हॉल पुन्हा उघडला आहे, लोक अर्धेच उरले आहेत आणि आता सात तास झोपतो, एवढंच त्यांनी सांगितलं. माफ केलं असं काही ते म्हणाले नाहीत. पियुष पास्टरांनी विचारलंही नाही.

उठताना रुपरावांसकट चौघांनी माझे कोपरे धरले आणि मला दारात नेलं.

"आज जोरात झटका, पास्टर," हर्षित पास्टर म्हणाले.

इतक्या जोरात मला कुणी कधी झटकलं नव्हतं. माझ्या दोन दशा तुटल्या. त्या तुम्ही उसवल्या, असं तुमच्या ताईंना वाटतं.

माझा हेवा अजून गेलेला नाही. खुर्च्या दिसल्या की आतून काहीतरी टोचतंच. पण टोचलं की मी आता गप्प राहते. मित्रांनो, तुमच्या ताई आल्या वाटतं. जाता जाता माझं एक ऐका. मला ओली गुंडाळू नका, माझ्या दशा ओढू नका. आणि कुणी तुमच्याजवळ बसून मनातलं काही सांगितलं, तर घरी जाण्याआधी माझे चार कोपरे धरा आणि मला झटका. चौघं नसाल तर कुणाला तरी हाक मारा, पण तशीच गुंडाळून ठेवू नका.