पलंगाच्या पेटीतली गिटार

सुधन्वा येणार हे कळल्यापासून कुमुदताई धास्तावल्या होत्या. पोरगा गुणी होता, त्याबद्दल तक्रार नव्हती. नणंदेचा, सरलाचा मुलगा. नोकरी सांगलीच्या एका बँकेत, पण सगळा जीव गिटारीत. सुट्टी मिळाली की एखादं शहर गाठायचं, तिथली गिटारीची दुकानं, बनवणारे, वाजवणारे बघत हिंडायचं आणि परत येऊन आईचं डोकं खायचं, हा त्याचा छंद. गोवा झालं, शिलाँग झालं, आता दिल्लीची पाळी होती. गिटारवेड्या माणसाने दिल्लीत काय बघावं, असं त्याने मामांना फोनवर विचारलं होतं.

त्याने काय बघू नये, हे कुमुदताईंना पक्कं ठाऊक होतं. नोएडातल्या त्यांच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत एक पेटीचा पलंग होता. त्या पेटीत, पाहुण्यांच्या रजयांखाली, त्यांच्या यजमानांची, दत्तात्रयरावांची हवाईयन गिटार होती. आणि ती तिथे आहे हे दत्तात्रयरावांना माहीत नव्हतं.

सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते तेव्हा दर रविवारी सकाळी ते ही गिटार मांडीवर आडवी घेत, तारांवरून पोलादी दांडी सरकवत आणि एका जुन्या गाण्याची धून सुरू करत. कडव्याच्या तोंडाशी येत आणि अडकत. मग पुन्हा पहिल्यापासून. इतक्या वर्षांत ते गाणं एकदाही कडव्यात शिरलं नाही. रविवारी भाजीवालाही त्यांचा ब्लॉक टाळून पुढे जाई. शेवटी निवृत्तीनंतर नोएडाला सामान हलवताना कुमुदताईंनी गिटार जुन्या साडीत गुंडाळली, सुतळीने बांधली, पेटीच्या तळाशी घातली, आणि कबाडीवाला चुकून भंगाराबरोबर घेऊन गेला असं सांगून टाकलं. खरोखर कबाड्याला द्यायचं मात्र त्यांच्याने झालं नाही.

दत्तात्रयरावांनी आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता उसासा सोडला. तेव्हापासून दर रविवारी ते खिडकीपाशी उभे राहत, "आज माझी गिटार असती तर," म्हणत आणि तो उसासा पुन्हा सोडत. तो ऐकला की कुमुदताई अपराधी चेहऱ्याने उठत आणि साजूक तुपातला शिरा करत. डॉक्टरांनी तूप बंद करायला सांगितलं होतं, पण त्या उसाशापुढे डॉक्टर कुठे पुरा पडणार.

सुधन्वा ऐन थंडीत, एक पातळ जॅकेट घालून आला. आल्या आल्या त्याचे दात वाजायला लागले, आणि त्याने एखादी रजई आहे का म्हणून विचारलं. कुमुदताईंनी घाईघाईने दोन शाली आणल्या. वर एक सतरंजी आणली. गंमत म्हणजे दत्तात्रयरावही रजईचं नाव काढेनात. त्यांनी हीटर सरकवून दिला, स्वतःची माकडटोपी त्याच्या डोक्यावर घातली आणि दिल्लीच्या थंडीत रजईने माणूस आळशी होतो असं ठणकावून सांगितलं. स्वतः दोन रजया घेणारा माणूस. कुमुदताईंना नवल वाटलं, पण आयतीच सुटका झाली म्हणून त्या गप्प बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीदर्शन सुरू झालं. दत्तात्रयरावांची उभी हयात मंत्रालयात परदेशी पाहुण्यांना दिल्ली फिरवण्यात गेली होती. पाहुण्याला काय बघायचंय हे विचारायचं नसतं, त्याला दाखवायचं असतं, हा त्यांचा नियम. ब्लेझर चढवून ते पुढे निघाले, मागून माकडटोपीतला सुधन्वा आणि त्याच्यामागे कुमुदताई.

कॅनॉट प्लेसच्या भुयारी रस्त्यात एक मुलगी पायऱ्यांवर बसून फार सुरेख गिटार वाजवत होती. सुधन्वा थबकला. मामांनी दंडाला धरून त्याला पुढे काढलं, कारण ती कार्यक्रमात नव्हती. कार्यक्रमात होतं एक रेस्तराँ, जिथे मामांच्या तरुणपणी गोव्याचा एक गिटारवाला वाजवायचा. तिथे आता बुटांचं दुकान होतं. पण मामा हटले नाहीत. त्यांनी सेल्समनला दोन खोकी बाजूला करायला लावली, "भाईसाहब, स्टेज बिल्कुल यहीं था," असं त्यालाच समजावलं, आणि सुधन्वाला त्या जागेवर उभं राहून फोटो काढायला लावला. सुधन्वाला इतकी लाज वाटली की त्याने लोकरी मोज्यांचा जोड विकत घेतला. तेवढीच पायांना ऊब.

जेवायला कुठे, हा प्रश्नच नव्हता. महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याला दिल्लीतल्या मराठी माणसाने महाराष्ट्र सदनात न्यायचं, हे ठरलेलं असतं. सुधन्वाने छोले-भटुरे असं हळूच म्हणून पाहिलं. दत्तात्रयराव त्याला कस्तुरबा गांधी मार्गावर घेऊन गेले आणि झुणका-भाकरी मागवली. आईने गाडीत खायला हेच बांधून दिलं होतं, हे पोराने सांगितलं नाही. सांगलीचे संस्कार.

शेवटचं ठिकाण मुनिरका. तिथल्या एका गल्लीत, एका विद्यार्थ्याकडून मामांनी ती गिटार घेतली होती. त्या खोलीखाली आता मोमोची गाडी होती. आजूबाजूच्या खोल्यांमधून पोरंपोरी झकास गिटारी वाजवत होती, सुधन्वाची मान सारखी वर वळत होती, आणि मामा मात्र मोमोच्या वाफेकडे बघत उभे होते.

"इथूनच आणली होती, यार," ते म्हणाले. "आज असती तर तुला वाजवून दाखवली असती."

आणि उसासा. कबूल करून टाकावं असं कुमुदताईंना वाटलं, पण इतक्या वर्षांच्या खोट्याला आता वाचा कशी फोडायची. घरी जाऊन आज दुप्पट तूप घालू, असं त्यांनी ठरवलं.

घरी पोचताच त्या स्वयंपाकघरात गेल्या, चहाचं आधण ठेवलं, आलं ठेचलं. दत्तात्रयराव बूट काढत होते. सुधन्वा कुडकुडत मागच्या खोलीत गेला. पाहुण्याने शेवटी स्वतःच गादी उचलली, पेटी उघडली आणि रजई ओढली.

बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर रजई होती, डोक्यावर माकडटोपी, आणि दोन्ही हातांत ते साडीतलं गाठोडं. तान्हं मूल आणावं तसं त्याने ते आणलं.

"मामी, ही गिटार आहे?"

चहाची गाळणी हातात घेऊनच कुमुदताई दारात आल्या. आता संपलं, असं त्यांना वाटलं. मग त्यांची नजर गाठोड्यावर गेली. त्यांनी ते सुतळीने बांधलं होतं. आता सुतळी नव्हती. तिथे सरकारी फायलींची लाल फीत होती, निवृत्त होताना घरी आणलेली, वर तीच ऐटबाज गाठ, जी या घरात फक्त एकच माणूस बांधतो. साडीच्या घडीत डांबराच्या ताज्या गोळ्या होत्या.

त्यांनी सावकाश नवऱ्याकडे पाहिलं. दत्तात्रयराव एका पायात बूट घालून उभे होते.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"आपण इथे आलो तेव्हापासूनच," ते बुटाकडे बघत म्हणाले. "कबाडीवाला गिटार घेऊन गेला आणि तिची दांडी ठेवून गेला? तू रोज आलं कशाने ठेचतेस?"

कुमुदताईंनी ओट्याकडे पाहिलं. पोलादी दांडी आल्याने माखून तिथे पडली होती. चांगली जड, हातात बसणारी, म्हणून त्यांनी ती ठेवून घेतली होती. ते स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकत नाहीत, या भरवशावर.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर वाजवावी लागली असती," दत्तात्रयराव अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "कडवं मला कधी येतच नव्हतं, कुमुद. आणि शिरा फार छान होत होता."

सुधन्वाने रजईत तोंड खुपसलं. त्याचे खांदे हलत होते.

कुमुदताईंना आधी भयंकर राग आला. मग त्या नळाखाली दांडी धुऊन घेऊन आल्या आणि नवऱ्याच्या हातात ठेवली. पोरगा एवढ्या लांबून गिटार बघायला आलाय, वाजवा, असं त्यांनी फर्मावलं. आता सुटका नव्हती. दत्तात्रयरावांनी फीत सोडली, गिटार मांडीवर आडवी घेतली, तारा जमेल तशा पिळल्या आणि सुरू केलं. दांडीला आल्याचा वास येत होता. धून कडव्याच्या तोंडाशी आली आणि बरोबर त्याच जागी अडकली. इतक्या वर्षांनी ती तशीच अडकलेली ऐकून कुमुदताईंचे डोळे भरून आले, याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

पुढे काय, असं सुधन्वाने विचारलं. पुढे काही नाही, असं मामांनी प्रामाणिकपणे सांगितलं. उद्या मी दाखवतो, मामा, सुधन्वा म्हणाला. दिल्लीत आता त्याला दुसरं काही बघायचं नव्हतं.

कुमुदताई उठल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर सेक्टरमधले दिवे लागत होते. त्यांनी एक लांबलचक उसासा सोडला.

"इतकी वर्षं किती तूप वाया गेलं असेल माझं," त्या म्हणाल्या.

दत्तात्रयरावांनी गिटार हळूच सुधन्वाच्या मांडीवर ठेवली, दुसरा बूट काढला आणि स्वयंपाकघरात गेले. थोडा वेळ नुसते डबे उघडल्याचे आवाज येत राहिले. मग त्यांनी आतून विचारलं, "कुमुद, रवा कुठे असतो?"