सातव्या होलचं धुरांडं

"ओढ्याच्या अलीकडे थांबायचं, पोरी," आर्ची पिटब्लाडो म्हणाला. "पलीकडे नुसता लोभ आहे."

पिटकेलीच्या गोल्फच्या मैदानावर पहिल्या होलला आर्ची हेच सांगत आला होता, गेली शेहेचाळीस वर्षं. वारा पाठीवर असला की कुणाही धडधाकट माणसाचा चेंडू ओढा ओलांडतो, आणि म्हणूनच तो होल धडधाकट माणसांनाच खातो. पलीकडची जमीन सगळी पाण्याकडे उतरती. आर्ची कॅडी होता. कॅडी म्हणजे पिशवीचा हमाल, असं ज्याला वाटत असेल त्यानं खुशाल आमच्या गावात येऊन एकट्यानं खेळावं आणि संध्याकाळी बिअरच्या पेल्यापाशी रडत बसावं. समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर इथे अठरा होल आहेत, म्हणजे भोकापर्यंतच्या अठरा वाटा, आणि अठरांचे अठरा स्वभाव. ते कॅडीला ठाऊक असतात. खेळणारा फक्त फटका मारतो.

सप्टेंबरातला शनिवार होता आणि क्लबाच्या चषकाची अंतिम लढत होती. आर्चीच्या खांद्यावर काठ्यांची पिशवी होती मोराग लम्सडेनची. हॅडक मासळीला धुरी देणाऱ्या कारखान्यात ती काम करायची. आठ वर्षांची असल्यापासून तिला आर्चीनं शिकवलं होतं आणि चौतिसाव्या वर्षी ती पहिल्यांदा इथवर पोचली होती. समोर होता ह्यू किनिअर, गावचा बेकरीवाला, तीन वेळा चषक घरी नेलेला. ह्यूची पिशवी टॅम गथ्रीकडे. आर्ची आणि टॅम एकाच आठवड्यात कॅडी झाले होते आणि तेव्हापासून दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एक पूर्व म्हणाला की दुसऱ्यानं पश्चिम म्हणायचंच.

पण आर्चीला भीती होती ती चषकाची नव्हे. वर्षभरात त्याच्या डोळ्यांनी दगा दिला होता. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नेमकं नाहीसं व्हायचं, कडेकडेचं तेवढं दिसायचं. रोना स्टरॉककडे बघितलं की तिचा चेहरा जायचा आणि टोपी उरायची. आणि रोना होती कॅडींची मुख्य, शिवाय आजच्या लढतीची पंच. वसंतात आर्चीच्या हातून तीन चेंडू हरवले तेव्हा तिनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आर्ची, आणखी एक चेंडू सापडला नाही तर बिल्ला काढून घ्यावा लागेल. माझ्यावर रागावू नकोस."

छातीवरचा बिल्ला गेला की कॅडी संपला. बायको जाऊन सहा वर्षं झालेल्या, सत्तरी गाठलेल्या माणसाला सकाळी बूट चढवायला दुसरं कारण नव्हतं. म्हणून डोळ्यांचं त्यानं कुणालाच कळू दिलं नव्हतं. बुधवार ते शुक्रवार तो डंडीला बहिणीकडे जाऊन आला होता, खरं तर तिथल्या डॉक्टरांकडे. गेलं ते परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मोरागपासूनही त्यानं हे लपवलं होतं आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

मोरागनं फटका मारला. आवाजावरून फटका चांगला होता. पण चेंडू गेला कुठे?

"वा रे वा!" टॅम ओरडला. "ओढ्याच्या वीस पावलं अलीकडे, उजव्या काठाला! आर्ची, तुझ्या भित्रेपणाची लागण झाली की रे पोरीला!"

"तुझ्या बेकरीवाल्याचं बघ," आर्ची म्हणाला.

बेकरीवाल्यानं जोर लावला. चेंडू ओढ्यापलीकडे पडला, आणि थोड्या वेळानं डुबुक असा आवाज आला.

"पाव भिजला वाटतं," आर्ची म्हणाला आणि ओढ्याकडे चालू लागला. वीस पावलं अलीकडे, उजव्या काठाला.

कमी फटक्यांत भोक गाठेल त्याचा होल; पहिला मोरागचा. दुसऱ्याला वारा आडवा, तिथे आर्चीनं तिला चेंडू समुद्राकडे मारायला लावला, म्हणजे वारा त्याला आपण होऊन घरी आणतो. चौथ्या होलला आमच्याकडे लोण्याची वाटी म्हणतात. तिथली भोकाभोवतीची हिरवळ वाटीसारखी खोलगट आहे, आणि झेंडा दिसतो म्हणून झेंड्यावर मारणारा वाटीबाहेर जातो. "डाव्या काठावर टाक," आर्चीनं सांगितलं, "आणि घरंगळू दे. घाई जमिनीला नसते, आपल्याला असते." पाचव्याला वारा तोंडावर होता. "आता हळू मार. वाऱ्याशी भांडलीस की तो जास्त भांडतो."

आणि प्रत्येक फटक्यानंतर टॅमची जीभ चालूच. "बघ, बघ, बंकरच्या ओठावर थांबला, वाळूत नाही! दोन बोटांनी वाचलास, म्हाताऱ्या!" किंवा "पार त्या मोडक्या कुंपणापाशी! आर्ची, तिथे जायला तुला जेवणाचा डबा लागेल!" टॅम आर्चीहून तीन महिन्यांनी मोठा होता, पण त्याला म्हातारा म्हणायचं सोडत नव्हता. आर्ची दात खात होता. याच्या जिभेला हाड नाही, त्याला वाटलं. पण चेंडूपाशी तो बरोबर पोचत होता, आणि भीती थोडी सैलावली होती.

सातव्यावर घात झाला.

सातव्या होलला समोर टेकडी आहे. पलीकडचं काही दिसत नाही, म्हणून गावातली एखादी खूण धरून मारावं लागतं. आमच्या आजोबांपासून ती खूण एकच, जुन्या वीटभट्टीचं धुरांडं. आर्चीनं मोरागच्या हातात काठी दिली आणि म्हणाला, "धुरांड्याच्या वीतभर डावीकडे."

मोरागनं गावाकडे बघितलं, मग आर्चीकडे.

"आर्ची," मोराग हलक्या आवाजात म्हणाली, "धुरांडं तर..."

धुरांडं गुरुवारी पाडलं होतं. धोकादायक झालं म्हणून दोन क्रेन आणून सगळ्या गावासमोर पाडलं. आर्ची त्या दिवशी डंडीला होता. आज तो ज्या आकाशाकडे बघत होता तिथे त्याला धुरांडं दिसलं नव्हतं हे खरं, पण त्याला तर वर्षभरात कुठलंच धुरांडं दिसलं नव्हतं. सरळ बघितलं की नाहीसं होणारच. त्याचं काय नवल!

रोनाची टोपी त्याच्याकडे वळलेली त्याला दिसली. आता ती विचारणार, आणि आपण काय सांगणार?

"कुठलं धुरांडं!" टॅम खोखो हसला. "घ्या, हाही तसलाच! काल मी ह्यूला अख्खा दिवस धुरांडंच सांगत होतो. काय ह्यू? अरे, पन्नास वर्षांची सवय, दोन क्रेन आणून जाते का? ते लाल छप्पर आणि चर्चचा मनोरा आहेत ना, त्यांच्या बरोबर मध्ये होतं बिचारं. रोना, खरं सांग, तू सुद्धा शुक्रवारी कुणाला तरी धुरांडंच सांगितलंस."

"दोघांना," रोना म्हणाली आणि हसली.

लाल छप्पर आणि मनोरा, त्यांच्या मध्ये. मोरागनं त्याच्या वीतभर डावीकडे मारला. चेंडू टेकडीवरून नाहीसा झाला.

टेकडी चढताना आर्ची विचार करत होता. टॅमनं प्रतिस्पर्ध्याला खूण सांगितली होती. टॅमनं! जो अंतिम लढतीत आपल्या सावलीशीही बोलत नाही, बेकरीवाल्यानं विचारलं तर नुसता हुंकार देतो, तो टॅम आज सकाळपासून पोपटासारखा बोलत होता. आर्चीनं एकेक टोमणा आठवून बघितला. वीस पावलं अलीकडे, उजवा काठ. बंकरच्या ओठावर. मोडक्या कुंपणापाशी. एकही टोमणा पत्त्याशिवाय नव्हता. चेंडू कुठे पडला हे कुणीही कुणालाही सांगू शकतो, नियमात त्याला बंदी नाही. फक्त आजवर टॅमनं कधी सांगितलं नव्हतं.

"टॅम," आर्ची धापा टाकत म्हणाला, "तुला कधीपासून..."

"मोरागचा चेंडू हिरवळीच्या मागच्या अंगाला आहे, मूर्खा," टॅम माथ्यावरून पलीकडे उतरत म्हणाला. "असलं विचारणं शोभत नाही तुला."

मग आर्चीनं भीती सोडून दिली. तिचा उपयोग तरी काय होता! त्याच्या पायांना मैदानाचा प्रत्येक चढउतार कळत होता, गालांना वारा कळत होता, आणि दिसण्याचं काम दुसरं कुणी शिव्या देत करत होतं. आपण किती नशीबवान आहोत हे त्याला नवव्या होलच्या चढावर एकदम जाणवलं, आणि त्याला नाक पुसावं लागलं. टॅमनं तेही बघितलं आणि सर्दीवरून चार शब्द सुनावले.

चौदाव्याला वाळूच्या खड्ड्यांचे तीन बंकर आहेत, त्यांची नावं बाप, सासू आणि जावई. बाप आणि सासू अलीकडे दोन बाजूंना, जावई सगळ्यात दूर. "जावयावर नेम धर," आर्चीनं सांगितलं. "तिथवर तुझा चेंडू पोचतच नाही, आणि त्याच्या अलीकडची जमीन सगळ्यात चांगली." सोळाव्यावर त्यानं तिला थांबवलं. भरती लागत होती, आणि भरती लागली की इथला वारा बाजू बदलतो. ह्यूनं वाट बघितली नाही आणि त्याचा चेंडू किनाऱ्यावर गेला. अठराव्याला आले तेव्हा मोराग एका होलनं पुढे होती. हा शेवटचा बरोबरीत सुटला तरी चषक तिचा.

आणि अठराव्याला, क्लबाचं घर समोर दिसत असताना, मोरागचा फटका वाकडा गेला. गॉर्सच्या काटेरी झुडपांत चेंडू घुसल्याचं सगळ्यांनी बघितलं. कुठल्या झुडपात, ते मात्र टॅमलाही कळलं नसावं.

"तीन मिनिटं," रोना घड्याळ बघत म्हणाली.

मोराग आणि आर्ची शोधायला लागले. आर्ची गुडघ्यांवर बसून हातांनी चाचपत होता, काटे बोटांत घुसत होते. चेंडू सापडला नाही तर होल गेला, लढत बरोबरीत आली, आणि बिल्लाही गेला. पण त्याला बिल्ल्याचं आता वाटत नव्हतं. इतकी वर्षं शिकवलेली पोर माझ्या डोळ्यांपायी हरू नये, एवढंच तो मनात म्हणत होता.

"एक मिनिट उरलं."

ह्यू आपल्या चेंडूपाशी उभा होता. टॅम त्याच्याशेजारी असायला हवा होता. तो नव्हता.

"अरे ए आंधळ्या बैला!" टॅमचा आवाज आर्चीच्या कानापाशी आला. "गुडघा उचल तो! चेंडूवर बसतोस आता. उजवीकडे, हातभर!"

आर्चीनं हातभर उजवीकडे बोटं नेली, आणि काट्यांच्या तळाशी गार, गोल काहीतरी लागलं. त्यानं ते जागच्या जागी राहू दिलं आणि हाक मारली, "मोराग!"

"टॅम गथ्री," बेकरीवाला म्हणाला, "तू नक्की कुणाचा कॅडी आहेस रे?"

"मला वाटलं साळिंदरावर बसतोय," टॅम म्हणाला. "मुक्या जनावराची दया आली."

मोरागनं एका फटक्याचा दंड घेऊन चेंडू मोकळ्यावर आणला, पुढचा फटका आयुष्यात मारला नसेल असा मारला, आणि शेवटी आर्चीनं पायांनी उतार चाचपून सांगितलेल्या वाटेनं आठ पावलांवरून चेंडू आत घातला. होल बरोबरीत. चषक तिचा. ती आर्चीच्या गळ्यात पडून रडली, आणि ह्यूनं टोपी काढून तिचा हात हातात घेतला. तिच्या घरी महिनाभर गरम पाव पाठवण्याचं कबूल केलं, टॅमच्या घरी मात्र एकही नाही.

"एकही चेंडू हरवला नाही, आर्ची," रोना म्हणाली. "बिल्ला तुझाच."

आर्चीनं बिल्ल्याची पिन काढली आणि तो तिच्या हातात ठेवला.

"मला चेंडू दिसत नाही, रोना. सकाळपासून एकही दिसला नाही. तुला फसवलं, आणि मोरागलाही. माफ करा."

"मला सातव्यावर कळलं, आर्ची," मोराग म्हणाली. "तुमच्याशिवाय पुढे खेळायचं नव्हतं, म्हणून गप्प बसले."

आर्ची टॅमकडे वळला. सरळ बघितलं तर टॅम नाहीसा झाला असता, म्हणून त्यानं मुद्दाम जरा बाजूला, क्लबाच्या खिडकीकडे बघितलं. तेव्हा कडेला टॅमचं लांब नाक आणि पांढऱ्या भुवया दिसल्या.

"टॅम, तुझे आभार," तो म्हणाला. "मनापासून."

आमच्या गावात पुरुष पुरुषाशी असं बोलत नाहीत. फार तर एक पेला पाजतात. ह्यूनं जमिनीकडे बघितलं. टॅमनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"मी शिव्या देत होतो," तो म्हणाला. "कानही गेले वाटतं तुझे."

"ऐकल्या सगळ्या."

टॅमनं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "मी खाणकामगाराचा पोरगा, तू या वाळूतच वाढलेला. इथे आलो तेव्हा मला या मैदानातलं काडीचं कळत नव्हतं. तू तुझ्या माणसाला सांगायचास तेव्हा मी वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभा राहायचो. तुझं सगळं मला ऐकू यायचं, आणि तेच मी माझ्या माणसाला सांगायचो. शेहेचाळीस वर्षं, आर्ची. माझं घर त्यावर उभं राहिलं, दोन्ही पोरी त्यावर शिकल्या. आभार मानायला तोंड नव्हतं, म्हणून भांडत राहिलो."

"चोरा," आर्ची म्हणाला. "आणि तरी हरायचास?"

"मारणारा ह्यू असायचा ना."

"मी इथेच उभा आहे," ह्यू म्हणाला.

"सोमवारी नऊला एडिनबराचं एक जोडपं येणार आहे," टॅम म्हणाला. "पिशवी मी घेतो. बघायचं मी बघतो. तू नुसता शेजारून चाल आणि जरा मोठ्यानं बोल. चोरून ऐकायचा कंटाळा आला आता."

आर्चीनं मान हलवली. मग त्याच्या लक्षात आलं की टॅमनं डोळ्यांना रुमाल लावलाय आणि त्याला काहीच दिसत नाहीये, म्हणून तो मोठ्यानं म्हणाला, "येतो."