दुसरी सही

टेबलाखाली शिरलेली लेक केसांना जळमटं लावून बाहेर आली आणि म्हणाली,

“आई, बाबांनी वायरींनासुद्धा चिठ्ठ्या लावल्यात गं. ‘मॉनिटर’, ‘प्रिंटर’, आणि एकीवर ‘ही काढू नये’.”

“मग नको काढूस,” आई म्हणाली.

लेकीने पाकिटाएवढी हार्ड डिस्क कॉम्प्युटरला जोडली आणि खुर्ची पुढे ओढली. दुपारचे दोन वाजले होते. बेत साधा होता. कॉम्प्युटरमधलं जे जे हवं ते या डिस्कवर उतरवून घ्यायचं, मग कॉम्प्युटर पूर्ण पुसायचा आणि नव्याने सुरू करायचा. बाबांना जाऊन चार महिने झाले होते. पेन्शनचे कागद, विजेचं बिल, सगळं आता आईलाच बघायचं होतं, आणि हे धूड सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचं की हातातल्या चहावर साय धरायची.

“बाबांनी वेळच्या वेळी साफ करू दिला असता तर ही पाळीच आली नसती,” लेक म्हणाली. “दर वेळी तेच. हात लावू नकोस, माझं काम चालू आहे. कसलं काम, देव जाणे.”

आई फडकं घेऊन कपाटाच्या काचा पुसत राहिली. कपाटातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती. बाबांनी तेहतीस वर्षं एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली होती, आणि निवृत्त झाल्यावर घराचंच स्टोअर केलं होतं. ‘सुतळी, जाड’, ‘सुतळी, बारीक’, ‘किल्ल्या, कशाच्या माहीत नाही’. चिठ्ठीवर तारीख असायचीच. लेक गमतीने म्हणायची, एक दिवस बाबा आईच्या कपाळावरही चिठ्ठी चिकटवतील. त्यावर बाबा गंभीरपणे म्हणायचे, “तिला कशाला? ती कुठे हरवतेय.”

“काय काय घेऊ, सांग पटापट. तुझी शिवणाची डिझाइनं घेतली. बाबांची पत्रं घेतली. लग्नाचे फोटो घेतले.”

आईचा हात काचेवर थांबला.

“त्याचा एखादा राहिलाय का बघ.”

त्याचा म्हणजे कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती. लेकीने उगाच दोन-चार फोल्डर उघडून बंद केले.

“नाहीये गं आई. मागेही बघितलं होतं मी. एकही नाही.”

“नसणारच,” आई म्हणाली. “माझ्या डोळ्यांदेखत पुसले त्यांनी.”

नऊ वर्षं झाली त्याला. धाकटा, लेकीच्या पाठचा भाऊ, बाबांच्याच हाताखाली कारखान्यात लागला होता. तिथे एक नियम होता. निकामी ठरलेला माल थेट बाहेर जायचा नाही. तो भंगाराच्या पेटीत पडायचा, कागदावर स्टोअरकीपरची सही व्हायची, आणि मग दुसऱ्या कुणीतरी पेटीत डोकावून, माल डोळ्यांनी बघून दुसरी सही करायची. ती झाल्याशिवाय पेटी रिकामी होत नसे. बाबा जेवताना कौतुकाने सांगायचे की दुसरी सही होईपर्यंत तो माल आतलाही नसतो आणि बाहेरचाही नसतो. ती दुसरी सही धाकट्याकडे आली. त्याने एकदा न बघताच ठोकली, आणि चुकून पेटीत पडलेला चांगला माल भंगारात निघून गेला. निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना बाबांना साहेबांसमोर मान खाली घालून उभं राहावं लागलं. त्या संध्याकाळी घरात जे झालं ते आईला आजही आठवायचं नव्हतं. धाकटा म्हणाला, “तुमच्यावर विश्वास होता म्हणून नाही बघितलं.” बाबा म्हणाले, “डोळे मिटून सही करणाऱ्याला या घरात जागा नाही. त्याचं काही इथे राहणार नाही.” पोरगं डोक्यात राख घालून निघालं ते गेलंच. दुसऱ्या दिवशी आई चहा घेऊन या खोलीत आली तेव्हा बाबा याच खुर्चीत बसून धाकट्याचे फोटो निवडत होते. बारशापासूनचे. सगळे निवडून झाले आणि त्यांनी एक बटण दाबलं. आईने कप टेबलावर आपटला होता. नंतर अकरा दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. बाराव्या दिवशी बोलू लागली, पण मनातली अढी काही गेली नाही. ते गेले त्या दिवशीही ती अढी तिथेच होती.

मॉनिटरवर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. लेकीने हातपाय ताणले.

“शेवटी शेवटी दवाखान्यात बाबा तेच तेच काय विचारत होते गं? दात आले का, दात आले का.”

“तापात होते. गेले असतील तुझ्या लहानपणात. तुझे दात फार उशिरा आले, तेव्हा जीव टांगणीला लागला होता त्यांचा.”

“तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? म्हटलं, आले हो, सगळे आले. झोपा आता.”

“झोपले?”

“भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.”

लेक मॉनिटरकडेच बघत म्हणाली, “तेव्हा धाकट्याला कळवायला हवं होतं.”

आईने फडकं घट्ट पिळलं. लेकीने तेव्हाही हेच म्हटलं होतं, आणि आईनेच तिचा हात धरला होता. नको, त्यांना बघवणार नाही, त्यांचा शब्द आहे. सगळं आटोपल्यावर धाकट्याला फोन गेला. तो एवढंच म्हणाला, “आता येऊन काय करू?” तेव्हापासून त्याचा फोन नाही, की फोटो नाही. त्याआधी सात वर्षं तो आईच्या मोबाइलवर फोटो पाठवायचा. त्याच्या बायकोचे, त्याच्या मुलीचे. आई स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून ते बघायची, बोटांनी मोठे करून बघायची आणि बाबांची चाहूल लागायच्या आत पुसून टाकायची. नात अशी दिसायची आणि अशी जायची. आता आठवू गेलं तर तिचा चेहरासुद्धा धड डोळ्यांसमोर येत नव्हता. चोरून बघितलेलं किती लक्षात राहणार?

“झालं!” लेक म्हणाली. “आता रिसायकल बिन तेवढं भरलेलं आहे. ते डिस्कवर घेत नाही. पुसलेलंच असतं त्यात, कचरा सगळा. जाऊ दे ना?”

“जाऊ दे,” आई म्हणाली. तिने मान वर करूनही बघितलं नाही. आता मॉनिटर पुसायचा राहिला होता.

लेक एकेक बटण दाबत पुढे सरकली. आईने काच पुसली, कडा पुसल्या, आणि खालची धूळ काढायला मॉनिटर एका हाताने तिरका केला. त्याच्या बुडाशी एक चिठ्ठी चिकटवलेली होती. चिकटपट्टी पिवळी पडली होती, पण अक्षर ठसठशीत होतं.

“हे बघ, इथेही आहे,” आई जवळजवळ हसलीच. “कारखान्यातली दिसतेय जुनी. ‘भंगार. दुसरी सही बाकी.’”

“आई, शेवटचं विचारतेय हं. यातलं सगळं जाईल, परत मिळणार नाही. हो म्हणू?”

आई चिठ्ठीची तारीख बघत होती. कारखान्यातली कशी असेल? ही तारीख तिला तोंडपाठ होती. त्याच दिवशी तिने कप आपटला होता.

“थांब!”

ती इतक्या मोठ्याने ओरडली की लेकीचा हात माउसवरून उडाला.

“अगं, काय झालं?”

“ते काय म्हणालीस तू मघाशी. कचऱ्याचं. ते उघड.”

“रिसायकल बिन? त्यात काय असणार?”

“उघड म्हणते ना. बघितल्याशिवाय कुणी हो म्हणायचं नाही.”

लेकीने सगळं मागे घेतलं आणि ती कचऱ्याची पेटी उघडली. पडदा आधी पांढरा राहिला. मग एकेक चौकोन भरू लागला. दुपट्यात गुंडाळलेला धाकटा. नाकाला शेंबूड आणि हातात बक्षिसाचा पेला घेतलेला धाकटा. बाबांच्या खांद्यावर बसून त्यांचे कान पकडलेला धाकटा. खाली जावं तसे चौकोन वाढतच होते.

“बाई गं,” लेक पुटपुटली. “बाबांनी पेटी रिकामीच केली नाही. नऊ वर्षं.”

आई मोडक्या स्टुलावर बसली. त्याचं काही इथे राहणार नाही, असा शब्द दिला होता माणसाने. शब्द मोडायचा तर जीव जायचा त्यांचा. आणि पोराला बाहेर काढायचं तर तेही जमेना. मग ठेवलं, ना आत ना बाहेर. आणि दुसऱ्या सहीची वाट बघत बसले. ती सही कुणी करायची होती, हे तिला आता कुणी सांगायला नको होतं. या घरात दुसरं होतं कोण?

“एकदा तोंडाने विचारायचं तरी,” ती म्हणाली. “नऊ वर्षं मी यांच्यावर... अहो, विचारायचं तरी!”

लेकीने तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरा हात माउसवर होता, आणि यादी खाली सरकत होती. एकाएकी ती थांबली.

“आई, हे बघ. हे जुने नाहीत. हे सात वर्षांपासूनचे आहेत. कधी एक टाकलाय, कधी दोन.”

पडद्यावर एक लहान मुलगी होती. पाळण्यात. मग भिंतीला धरून उभी. मग बादलीत बसलेली, डोक्यावर साबणाचा फेस.

“हे तर मी पुसले होते,” आई म्हणाली. “माझ्या फोनवरचे. मी स्वतः पुसले होते.”

“फोनवरून पुसलेस तू. पण फोटो आला की आपोआप इथेही उतरायचा. फोनवरून पुसलं तरी इथलं जात नाही.” लेकीचा आवाज हळू झाला. “मीच लावून दिलं होतं ते. बाबांनी सांगितलं म्हणून. म्हणाले, तुझी आई धांदरट आहे, तिच्या फोनमधलं काही हरवायला नको.”

म्हणजे ती ओट्याकडे तोंड करून बघायची आणि हे इथे बघायचे. एकाच घरात, मध्ये एक भिंत. दोघांनीही तोंडातून ब्र काढला नाही. आईला हसावं की रडावं कळेना. तिने पदराने डोळे पुसले आणि स्टूल पुढे सरकवलं.

“शेवटचा कुठला?”

लेकीने शेवटचा उघडला. बाजूला तारीख होती, बाबांनी तो पेटीत टाकला त्या दिवसाची. दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या मंगळवारची. फोटोत नात तोंड भरून हसत होती. वरचे पुढचे दोन्ही दात पडले होते, आणि ते दोन दात तिने तळहातावर ठेवून कॅमेऱ्यापुढे धरले होते.

लेकीने फोटो मोठा केला.

“आई,” लेक म्हणाली.

“कळलं मला,” आई म्हणाली.

आले हो, सगळे आले. झोपा आता. नऊ वर्षांत माणसाने एकदाच तोंड उघडलं, आणि तिने डोळे मिटून उत्तर ठोकून दिलं होतं. ती उठली. मोबाइल स्वयंपाकघरात ओट्यावर होता. तो घेऊन तिथेच उभं राहायची तिला सवय होती, पण ती तिथे थांबली नाही. ती परत खोलीत आली, बाबांच्या खुर्चीकडे बघून म्हणाली, “ऊठ जरा,” आणि लेक उठल्यावर तिथे बसली. नंबर लावताना तिचं बोट दोनदा चुकलं.

पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. ती वाजून वाजून बंद पडणार, असं वाटत असताना धाकट्याचा आवाज आला.

“हं. बोल.”

आई मनात तयार केलेलं सगळं विसरून गेली. समोर पडद्यावर नात हसत होती.

“तिला दात आले का रे?” आईने विचारलं. “वरचे दोन. पडले होते ते.”

“काय? दात?” तो गोंधळला. “तू इतक्या दिवसांनी फोन करून... हे काय मध्येच?”

“तुझ्या बाबांनी विचारलंय.”

आईने फोन कानाला आणखी दाबून धरला.

“दवाखान्यात विचारत होते. सारखे विचारत होते. मलाच कळलं नाही रे, कुणाचे ते.”

फोन कुठेतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. फोन तुटला असावा असं वाटून आईने लेकीकडे बघितलं. लेकीने मानेनेच नाही म्हटलं. मग दुरून कुणीतरी नाक ओढल्याचं ऐकू आलं, आणि धाकट्याचा आवाज पुन्हा जवळ आला.

“थांब जरा,” तो म्हणाला. “ती इथेच आहे. तिलाच विचार.”